अध्यक्षबाई पडद्याआड

चारुलताबाईंनी पंधरा वर्षांत शिबिरं भरवून हुडकेश्वरच्या बायकांचे डोळे, दात, साखर, हाडं, सगळं तपासून घेतलं होतं. स्वतःचं काहीच तपासलं नव्हतं. महिला मंडळाच्या अध्यक्षांना वेळ कुठे असतो? पाहुण्यांचं स्वागत आणि फोटो, एवढ्यात दुपार होते. पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती. तरी दिवाळीपासून पुन्हा डाग दिसत होते. तेही त्यांनी 'कार्यक्रम झाला की बघू' म्हणून बाजूला ठेवले होते.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवालाच त्यांनी गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी ठेवली. समाजभवनात चादरीचा पडदा लागला, आत डॉक्टरीणबाई बसल्या. साठ बायका आल्या. त्यांनी वाणाचा डबा हवाबंद आहे का, हे झाकण लावून, काढून नीट तपासलं. पडद्यामागे मात्र कोणी गेलं नाही.

"मले काही त्रासच नाही, तं काहून तपासू?" शेजारच्या सिंधूताई म्हणाल्या.

"त्रास नसतानाच तपासायचं असतं. आणि ठरावीक वर्षांनी पुन्हा," डॉक्टरीणबाईंनी आतून चौथ्यांदा सांगितलं.

"अध्यक्षबाई, तुमची झाली का?" भावनानं गोड आवाजात विचारलं. मंडळाची निवडणूक ती दोन मतांनी हरली होती. "तुम्ही जा ना पहिले. आम्ही येऊनच राहिलो मागून."

साठ माना वळल्या. चारुलताबाई हसल्या, पदर सावरून आत गेल्या. भीतीनं जे तीन महिने करू दिलं नव्हतं, ते अब्रूनं अर्ध्या मिनिटात करवलं.

"मध्येच रक्त, डाग, असं काही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

बाहेर चिडीचूप झालं. इतकी शांतता चारुलताबाईंच्या भाषणालाही कधी मिळाली नव्हती. चादर पातळ होती. 'नाही' म्हटलं की सुटका होती.

"दिवाळीपासून," त्या पुटपुटल्या. मग सभेतल्या आवाजात म्हणाल्या, "दिवाळीपासून डाग लागून राहिले. मी अंगावर काढलं."

"उद्याच मोठ्या दवाखान्यात या. पुढच्या तपासण्या करू."

चारुलताबाई चिठ्ठी घेऊन बाहेर आल्या. सिंधूताईंनी डबा खुर्चीवर ठेवला आणि पडद्यापाशी उभ्या राहिल्या. मागे बायका उठू लागल्या.

भावना जवळ आली. "उद्या किती वाजता निघायचं? माह्या गाडीवर चला, एकट्या जाऊ नका."

"वेळ मग सांगते," चारुलताबाई म्हणाल्या. "आधी लाईनीत लाग वं."