बर्फातला चार नंबर

१९७६ सालच्या उन्हाळ्यात वाशीमच्या आमच्या गल्लीत एका चित्रावरून माझ्या थोरल्या बहिणीचे जुळत आलेले लग्न मोडले आणि त्याच चित्रावरून समोरच्या घरातल्या मुलीचे जुळले. चित्र दोघींपैकी एकीनेही काढलेले नव्हते.

ते डब्यातून आले होते. धाकटे काका मुंबईच्या गोदीत कामाला होते. एप्रिलमध्ये जयंतीला घरी येताना त्यांनी बोटीवरचा माल म्हणून विकत घेतलेला एक चपटा डबा आणला. आत एक जाड पुठ्ठा होता. त्यावर फिकट निळ्या रेषांनी नकाशासारखे खण पाडलेले, प्रत्येक खणात एक आकडा. सोबत बोटाच्या पेराएवढ्या वाट्यांमध्ये रंग, त्यांवर तेच आकडे, आणि दोन ब्रश. सातच्या खणात सातचा रंग भरायचा, एवढे केले की चित्र होते, त्यासाठी चित्रकला येण्याची गरज नाही, हे काकांनी आम्हाला समजावून सांगितले. पूर्ण झालेले चित्र डब्याच्या झाकणावर छापले होते: तळे, काठावर लाकडी घर, मागे बर्फाचा डोंगर. वाशीमच्या विहिरींचा त्या महिन्यात तळ दिसत होता.

घरात चित्रकला येणारे एकच माणूस होते, ते म्हणजे ताई. मॅट्रिक होऊन ती घरी बसली होती. चित्रकलेच्या दोन्ही सरकारी परीक्षा तिने दिल्या होत्या. मागच्या भिंतीवर ती कोळशाने शेळ्या, हापशीवरच्या बाया, कधी दुपारी तोंड उघडे टाकून झोपलेले वडील काढी. शेवटच्या विषयानंतर तिला भिंत खराब करण्याची बंदी झाली. अकोल्याला जाऊन चित्रकला शिक्षकाचा कोर्स करायचा, हे तिचे दोन वर्षांपासूनचे मागणे होते. वडील पंचायत समितीत कारकून होते. जयंतीच्या दिवशी चार पाहुण्यांसमोर ते म्हणाले होते, "या उन्हाळ्यात जुळलं नाही, तं धाडतो तुले अकोल्याले." जुळणार याची त्यांना खात्री होती. रिठदचे लोक पाहायला येणार होते आणि मुलगा प्राथमिक शाळेत गुरुजी होता.

मुलगी पाहायला लोक आले की बैठकीच्या भिंतीवर तिच्या हातचे काहीतरी दिसले पाहिजे, असा रिवाज होता. गल्लीत काचेच्या मण्यांचा एक राजहंस होता. तो आतापर्यंत चार-पाच मुलींनी स्वतः केलेला होता. आता आईला राजहंसाची गरज उरली नाही.

उन्हाळी कामे गल्लीत एकमेकींकडे जाऊन होत. आज आमचे पापड, उद्या समोरच्यांच्या कुरडया. चित्राचेही तसेच झाले. दुपारी बाया जमल्या, पुठ्ठा पाटावर ठेवला आणि प्रत्येकीने एकेक नंबर उचलला.

"सात मले दे वं. माह्या हाताले निळा जमते."

"तुह्या हाताले कुरडई तं जमत नाही, अन् म्हने निळा."

"हे घर एवढं लाकडाचं काहून? वाळवी नाही लागत का त्यायले?"

समोरच्या काकूंनी चार नंबर घेतला, पांढरा. डोंगर मोठा आणि वाटी लहान, हे पाहून त्यांनी रंगात जवसाचे तेल ओतले आणि पाहुणे वाढल्यावर वरणात पाणी घालावे तसा तो पुरवला. रंग पुरला. बर्फाखालचे आकडे मात्र दिसत राहिले. त्यातला सर्वात मोठा शिखराच्या बरोबर खाली होता.

ताईने ब्रश मागितला, तेव्हा आई म्हणाली, "तू कायले हात भरवून राह्यली? पाव्हने हात पाह्यतीन." ताईने ब्रश धुतले आणि बायांना चहा दिला. तिला नंबर मिळाला नाही.

बुद्धाच्या तसबिरीसमोरच्या भिंतीवर खिळा ठोकून चित्र टांगण्यात आले. रविवारी रिठदचे लोक आले. गुरुजींनी मुलीकडे एकदा आणि चित्राकडे बराच वेळ पाहिले. बोलण्याचे काम त्यांच्या मामांकडे होते.

"पोरीनंच काढलं हे?"

"सारं तिनंच," वडील म्हणाले.

"गाव कोन्तं हाये?"

"कश्मीर."

मामा उठून चित्राजवळ गेले. "अन् बर्फात हा चार काहून हाये?"

"नंबर हाये तो. बाहेरदेशी चित्राले नंबर टाकतात. आपन कापसाच्या गाठीले टाकतो, तसा."

मामांची उमर जिनिंगमध्ये गेली होती. त्यांना ते पटले. गुरुजींनी एकच प्रश्न विचारला. शाळेची तपासणी दरवर्षी होते, साहेब भिंतीवरचे तक्ते पाहतात, बाजारचे तक्ते महाग पडतात. तर आंबा, गाय, बैलगाडी असे काही मुलीला काढता येईल का?

"येते," ताई म्हणाली. प्रश्न संसाराचा होता, हे तिला कळले असावे.

निघताना मामा म्हणाले, "आमचं पक्कंच समजा. फक्त समोरची एक पोरगी पाह्याची राह्यली. पुढच्या आयतवारी येतो म्हनून शब्द देल्ला हाये." शब्दाला जागणारी माणसे होती.

दुसऱ्या दिवशी समोरच्या काकू आल्या. "चित्र दे वं माय, आयतवारपुरतं."

"अवं, तेच लोक हायेत ना ते," आई म्हणाली.

"असू दे. माहा चार नंबर हाये त्यात. अन् तुह्या बहिनीच्या पोरीच्या वक्ती मी राजहंस देल्ला होता का नाही?"

कप, खुर्च्या, पडदे, सगळेच या घरातून त्या घरात जात असे आणि नाही म्हणण्याची पद्धत नव्हती. आई तरीही उंबऱ्यात उभीच राहिली. ताईने खिळ्यावरून चित्र काढले, ओढणीने पुसले आणि काकूंच्या हातात दिले. मग ती चहा ठेवायला आत गेली. तिने असे का केले, हे तिला कोणी विचारले नाही.

रविवारी समोरच्या बैठकीत काय झाले ते काकूंच्या मुलीने नंतर ताईला सांगितले. मामा पोह्यांची बशी हातात घेऊन चित्रापुढे उभे राहिले.

"हे आमी पाह्यलं हाये."

"असीन," काकू म्हणाल्या.

"त्या घरी. तिथंबी बर्फात चार होता."

काकूंनी फार वेळ घेतला नाही. "चित्र आमच्याच पोरीचं हाये. त्यायच्याकडे पाव्हने येनार होते, म्हनून आमीच देल्लं होतं टांगाले."

मामा बशी ठेवून रस्ता ओलांडून सरळ आमच्याकडे आले. बैठकीत रिकामा खिळा होता.

"पोरी, खरं सांग. चित्र कोनाचं?"

"ते असं हाये पाव्हने," वडिलांनी सुरुवात केली.

"तुमाले नाही इचारलं."

ताई म्हणाली, "माह्यं नाही. त्यात माहा एकबी नंबर नाही."

"मंग तक्ते येतात म्हने तुले?"

"ते येतात."

दोन्ही उत्तरे खरी होती. मामांनी पहिल्यावर विश्वास ठेवला.

मे महिना संपता संपता समोरच्या मुलीचे लग्न झाले. रुखवतात चित्र मधोमध होते. त्याखालच्या पट्टीवर 'स्वहस्ते काढलेले' असे लिहून मुलीचे नाव घातले होते. ती पट्टी ताईने लिहून दिली होती, कारण गल्लीत तिचेच अक्षर चांगले होते. जयंतीचे चारही पाहुणे जेवायला होते. त्यांच्यातल्या एकाने पंगतीतच विचारले, "मंग कवा धाडता पोरीले अकोल्याले?" वडील म्हणाले, "म्या तं पयलेपासून म्हनत होतो, पोरीनं शिकलं पाह्यजे."

जूनमध्ये ताई अकोल्याला गेली.

पुढच्या हिवाळ्यात, तपासणीच्या आधी, रिठदहून तिच्याकडे बदामी जाड कागदांची एक गुंडाळी आली. सोबत समोरच्या काकूंच्या मुलीचा निरोप होता: "हे रोज इचारून राह्यले, तक्ते कवा काढतं म्हनून. म्या काय सांगू?" ताईने कागदांवर पेन्सिलीने आंबा, गाय आणि बैलगाडी काढली. प्रत्येक चित्राचे खण पाडले, खणांत आकडे घातले, रंगांच्या पुड्यांवर तेच आकडे लिहिले आणि गुंडाळी परत पाठवली.

तक्ते वेळेवर तयार झाले. साहेबांनी ते पाहून गुरुजींच्या पत्नीच्या कलेबद्दल चांगला शेरा लिहिला. पांढरा रंग पुरवण्यासाठी तिने त्यात पाणी जास्त घातले होते. गाईच्या पोटावर चारचा आकडा दिसत होता.