फक्त आपल्या लोकाईले

कारंजा गावच्या ज्या कापसाच्या जिनिंगमध्ये मी हिशेब बघते, तिथल्या एका कॉम्प्युटरला व्हायरस लागला आणि आमच्या पत्त्यावरून जगभर कचरा मेल गेले. शेठ भडकले. मेलचा सर्व्हर सांभाळणाऱ्या दादाला म्हणाले, "आजपासून फक्त आपल्या लोकाईले मेल गेला पाह्यजे. बाकीचे वापसबी नको येऊ देऊ. मले कटकट नाही पाह्यजे."

त्याच आठवड्यात मी आईच्या डोळ्यांचे रिपोर्ट नागपूरच्या दवाखान्याला ऑफिसच्या मेलवरून पाठवले. रिपोर्ट पाहिल्याशिवाय ते ऑपरेशनची तारीख देत नव्हते, आणि आईला तर ताटातली भाजी कोणती तेही आता वासावरूनच कळत होतं.

उत्तर काही येईना. फोन केला तर तिथली पोरगी म्हणाली, "मॅडम, मेलच आला नाही." मी दादाकडे गेले. त्यानं सर्व्हरची नोंद उघडून दाखवली. माझा मेल, दवाखान्याचा पत्ता, पुढे 'सेंट'. "गेला ना ताई!" पुन्हा पाठवला. पुन्हा 'सेंट'. पुन्हा ती पोरगी, "नाही आला." अरे, मग गेला तरी कुठं? मधेच मुर्तिजापूरला उतरला की काय? खोटं कोण बोलतंय तेच समजेना. त्या पोरीला मी फोनवर नाही नाही ते बोलले, घरी येऊन डॉक्टरलाही शिव्या घातल्या. डोकं नुसतं भणभणत होतं.

शेवटी दादासमोर खुर्ची टाकून बसले. "शोध. तोवर मी उठत नाही."

त्यानं नियमांची फाइल उघडली आणि कपाळावर हात मारला. व्यापारी, बँक आणि आमचं अकोल्याचं ऑफिस, एवढ्यांचेच डोमेन, म्हणजे पत्त्यातला ॲटच्या खुणेनंतरचा भाग, मोकळे होते. बाकी सगळे मेल सर्व्हर, शेठनी सांगितल्याप्रमाणे वापसही न पाठवता, मुकाट्यानं फेकून देत होता, आणि फेकले की लिहीत होता 'सेंट'.

"फेकलं तं फेकलं लिहावं ना! सेंट काहून?"

"त्याच्या हिशेबानं काम झालं ना, ताई."

हे मला अजूनही कळलेलं नाही.

तशीच शेठकडे गेले. "शेठ, आपले लोक म्हंजे कोन?"

"आता हेबी सांगा लागते काय? व्यापारी, बँकवाले."

"अन् माही माय?"

शेठ दादाला ओरडले, "टाक रे तो दवाखाना त्याच्यात!"

रिपोर्ट पुन्हा पाठवले आणि उत्तर त्याच दुपारी आलं. जवळच्या तारखा तोवर भरल्या होत्या. आता दिवाळीनंतरची मिळाली. मला रडूच आलं. घरी आईला सर्व्हर, डोमेन, सेंट, सगळं समजावत बसले. मलाच धड कळलं नव्हतं, तिला काय सांगणार?

"म्हंजे मेल गेलाच नवता?" तिनं विचारलं.

"नाही."

"अन् तुमा दोघाईले गेलेला दिसत होता?"

"हो."

"बापा!" ती म्हणाली. "मंग ऑपरेशन कोनाचं करा लागते?"