दाजींचं शेत

माझ्या साडूंइतका पाखरांवर जीव टाकणारा आणि तरीही पाखरांना नकोसा झालेला माणूस सबंध धाराशिव जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते, तिचं ऐकून मी म्हणतो, माझं ऐकून माझी मुलगी म्हणायला लागली आणि तिचं ऐकून कॉलनीतली झाडून सगळी पोरं. आता दारावर येणारी भाजीवालीसुद्धा "दाजी, मेथी घ्या" म्हणते. एवढ्या लोकांचे दाजी झाल्यावर माणसाच्या अंगी थोडा रुबाब यायला हवा, पण यांचा सगळा रुबाब आवाजात. तो आवाज त्यांनी एसटी स्टँडवरच्या काचेच्या खोलीत बसून, गाड्या पुकारून कमावला. लाइट गेली की माइक बंद पडायचा आणि ते दाजींच्या लक्षातही यायचं नाही. भूमची गाडी लागल्याचं प्रवाशांना तसंच कळायचं, आणि रस्त्यापलीकडच्या रसवंतीवाल्यालाही.

निवृत्तीनंतर हा आवाज घरात मावेना. आक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, त्यांना गोडीनं बाहेर काढलं. बाहेर आमच्या कॉलनीची मोकळी जागा आहे. कागदावर ती 'ओपन स्पेस', तोंडात 'ओपन पेस'. बाभळी, तरवड, रुई, घाणेरी, कुणीतरी टाकून दिलेला कमोड, असा सगळा थाट. तिथं खेळणाऱ्या पोरांना दाजींनी सहज विचारलं, "हे कशाचं झाड रे?" पोरं म्हणाली, "सावलीचं." दाजींना त्या दुपारी जेवण गेलं नाही. ज्यांचे आजे बांधावर जन्मले त्यांच्या नातवांना बाभूळ ओळखता येत नाही, हे त्यांच्या मनाला फारच लागलं. पुढच्या रविवारी पहाटे, पोरांना झाडं-पाखरं दाखवायला न्यायचं म्हणून, ते माझ्या दारात उभे. "पाव्हणं, उठा. फेरी सुटायची येळ झाली." तेव्हापासून माझ्या आयुष्यातला रविवार संपला.

आता अशा फेरीवर नेणाऱ्या माणसाला पाखरांची नावं यावीत अशी आपली भाबडी समजूत असते. दाजींना चिमणी, कावळा, साळुंकी आणि मोर एवढी येत. पण त्यांनी यावर नामी तोड काढली होती. पोरानं बोट दाखवून "दाजी, ते कोणतं?" म्हटलं की दाजी गंभीर होत. "नाव मागनं. आधी बघ, ते करतंय काय." मग पोरं बघत बसत. शेपूट हलवतंय, पाण्याच्या काठाकाठानं पळतंय, किडा धरतंय, दुसरं आलं की भांडतंय. तोवर कुणीतरी घरी जाऊन मोबाइलवर शोधून येई की तो धोबी पक्षी आहे. "बघा, मला वाटलंच," असं दाजी म्हणत. त्यांना काहीही वाटलेलं नसे. पण गंमत अशी की नाव सांगून मोकळा होणारा माणूस मिळाला असता तर त्या पोरांनी त्या पाखराकडं दुसऱ्यांदा पाहिलं नसतं, हे मलाही पुढं कबूल करावं लागलं.

खरी अडचण आवाजाची. पाखरू दिसलं की दाजींच्या आतला एसटीचा नियंत्रक जागा होई. "लक्ष द्या. कळंबकडून आलेली साळुंकी बाभळीच्या खालच्या फांदीवर लागलेली आहे." हे वाक्य पुरं होईतो साळुंकी पुढच्या मुक्कामाला गेलेली असे. एकदा त्यांनी पोरांना माकणीच्या धरणावर नेलं. सकाळचं ऊन, पाण्यावर पसरलेली पाहुणी पाखरं, माझ्या हातात उसनी दुर्बीण. मी ती डोळ्यांना लावणार एवढ्यात दाजींनी पुकारलं आणि सगळं धरण आभाळात उठलं. मी दुर्बीण खाली ठेवली. मनात जे आलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण पोरं तोंड उघडं टाकून वर बघत होती, आणि ते पंख डोक्यावरून गेले तेव्हा माझ्या मुलीनं माझा हात घट्ट धरला होता. परतीच्या गाडीत दाजी मला हळूच म्हणाले, "बसलेली काय, फोटोतबी दिसत्यात. उडाली ते बरं झालं." त्यांचं हळूच पुढच्या सीटपर्यंत गेलं.

मोज्यांचं प्रकरण तर कॉलनीत अजून सांगतात. दाजींनी पोरांना, आणि मलाही, बूट काढून नुसत्या मोज्यांवर ओपन पेसमधून चालवलं. मोजे कुसळांनी आणि गोखरूंनी भरले, आया खवळल्या. दाजी म्हणाले, "मोजे माझ्याकडं द्या." आयांना वाटलं, धुऊन देणार. दाजींनी जुन्या पत्र्याच्या ट्रेमध्ये माती घालून ते सगळे मोजे पेरले. वर झारीनं रोज पाणी. आठवड्याभरानं मोज्यांना कोंब फुटले, त्यात माझ्या ऑफिसच्या काळ्या मोज्याला सगळ्यात जोमदार. पोरं शाळेत जाण्याआधी आपापला मोजा बघून जात. मी तो मोजा परत मागितला नाही, मागायला तोंडच नव्हतं.

अशा सुखात सगळं चाललेलं असताना कॉलनीच्या अध्यक्षांनी ओपन पेसचं उद्यान करायचं मंजूर करून आणलं. अध्यक्ष माणूस वाईट नाही, फक्त त्याला सिमेंटचं हरण फार आवडतं. सगळीकडं पेव्हर ब्लॉक, मध्ये हरण, कोपऱ्यात ससा. साफसफाईला जेसीबी येणार होता तो येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावास्येच्या, दुसऱ्या दिवशी. बैठकीत दाजी उभे राहिले आणि म्हणाले, "पोरांना मातीची एवढी एकच जागा हाय." पण ते असं निघालं की शेवटची गाडी सुटतेय असं वाटून लोक हसले. दाजी खाली बसले. त्या रात्री ते जेवताना काही बोलले नाहीत, असं आक्कांनी सांगितलं, आणि त्यांचं न बोलणं आक्कांना सहन होईना.

येळवशीला आमचं शहर रिकामं होतं. ज्याला त्याला शेत गाठायचं असतं. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील, आणि पंगत. दाजींच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. घराणं सगळं मास्तर आणि कारकुनांचं. पण नोकरीत जोडलेल्या ओळखी अशा की दरवर्षी गावोगावची बोलावणी. त्या वर्षी त्यांनी सगळी नाकारली. "यंदा आमच्या शेतात हाय," असं ते ज्याला त्याला सांगत होते. लोकांना वाटलं, निवृत्तीच्या पैशातून घेतलं वाटतं.

ज्यांना कुठलं शेत नव्हतं आणि ज्यांची शेतं विकून झाली होती, अशी सगळी पोरं आणि त्यांचे आईबाप ओपन पेसमध्ये जमले. बाभळीखाली कडब्याची कोप उभी राहिली. आक्कांनी मडकंभर आंबील आणली. दाजी पुढं पिकावर शिंपडावी तशी आंबील शिंपडत, "ओलगे, ओलगे" ही सणाची हाळी पुकारत, आणि पोरं मागं तेच ओरडत. पाखरं अर्थात दिवसभर शेजारच्या कॉलनीत होती. एका चिमुरडीनं विचारलं, "दाजी, हे आपलं शेत हाय?" दाजी म्हणाले, "व्हय. आपलंच." एवढं खालच्या पट्टीत ते बोलू शकतात हे मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेसीबी आला. चालकानं खाली उतरून कोपीत डोकावलं, चपला काढल्या आणि हात जोडले. "हितं पांडव हायती. म्या न्हाय बकेट घालणार." अध्यक्ष म्हणाले, "अरे, ते कालच मांडलेत यांनी." चालक म्हणाला, "तुमच्या रानातलेबी कालच मांडले असतील की." अध्यक्ष आदल्या दिवशी कळंबजवळच्या आपल्या रानात पाया पडून आले होते, ते मोबाइल काढून बघायला लागले. मला वाटलं, जिंकलो. मी दाजींना डोळ्यानं खुणावलं, गप्प बसा. पण पोरं गोळा होऊन दाजींकडं बघत होती, आणि हा गृहस्थ पुढं झाला. "देवाची भीती घालायला म्या दगड मांडले न्हायत," ते चालकाला म्हणाले. "पोरांचा सण व्हता, झाला. जागा ऱ्हावी ती पोरांसाठी ऱ्हावी. दगड म्या उचलतो." आणि खरंच वाकून पहिला दगड त्यांनी छातीशी धरला. मला त्यांचा असा राग आला, आणि त्याच क्षणी इतका अभिमान वाटला, की मी नुसताच घसा खाकरला.

तेवढ्यात कोपीतून कालच्या त्या चिमुरडीनं हुबेहूब दाजींच्या चालीवर पुकारलं. "प्रवाशांनी लक्ष द्या. ओपन पेसला येणारा जेसीबी रद्द करण्यात आलेला आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." आधी चालक हसला, मग आम्ही, आणि शेवटी अध्यक्ष. एकदा पोट धरून हसल्यावर त्यांना पुन्हा अध्यक्ष होणं जमेना. चालक दुसऱ्या कामाला निघून गेला. आठवडाभर रुसवेफुगवे होऊन असं ठरलं की रस्त्याकडच्या पट्टीत पेव्हर ब्लॉक आणि हरण, आणि बाभळीकडची माती जशीच्या तशी. हरण आजही उभं आहे. त्याच्या शिंगांवर सातभाई पाखरं बसून कलकलाट करतात, आणि अध्यक्ष पाहुण्यांना ते मुद्दाम दाखवतात.

गेल्या वर्षी दाजींच्या घशाचं ऑपरेशन झालं. आता आवाज कुजबुजीएवढाच उरलाय. कोपीच्या जागी ते खुर्ची टाकून बसतात, आणि पाखरं त्यांच्या पायापाशी येऊन दाणे टिपतात. जन्मभर जे बघायला मिळालं नाही ते आता ते हातभर अंतरावरून बघतात, आणि मला ते बघवत नाही. माझी मुलगी शिकायला पुण्याला गेली. रविवारी मला कुणी उठवत नाही, तरी जाग येते.

यंदाच्या येळवशीला त्यांनी आंबील शिंपडली तेव्हा नुसते ओठ हलले. मागून नव्या पोरांनी जोरात "ओलगे, ओलगे" केलं आणि बाभळीवरची सगळी पाखरं भर्रकन उठली. दाजी थांबले. मान वर करून शेवटचं पाखरू दिसेनासं होईपर्यंत बघत राहिले. मग माझ्याकडं वळून, मला कान जवळ न्यावा लागला इतक्या हळू म्हणाले, "सुटली, पाव्हणं. येळेवर सुटली."