करड्या जोडीचं पांढरं पिल्लू

शहागंजच्या त्या पक्षीवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. दुकानात कुणी आलं की तो आधी पिंजऱ्यावर हलकी फुंकर मारायचा, पाखरं कशी हलतात ते बघायचा. गिऱ्हाईकाकडे मग.

त्याच्याकडून आम्ही करड्या फिंच पाखरांची जोडी नेली होती. तिला पिल्लू झालं ते पांढरंशुभ्र. बायको पिंजरा घेऊन दुकानात गेली, मी मागोमाग.

"माझ्या हातून काही चुकलं का हो?" तिनं विचारलं.

हा प्रश्न जुना होता. आमची मुलगीही अशीच जन्मली, केसांसकट पांढरी. सुनेनं ग्रहणात विळी धरली म्हणून, असं माझी आई आजही म्हणते.

पक्षीवाल्यानं पिल्लू ओंजळीत घेतलं. "लई गोड हाय! तुमचं काय चुकतंय, भाभी? रंग दोघांत दडून होता. नराकडूनबी यावा लागतो, मादीकडूनबी. एकटीचं काम नाय हे."

मुलीच्या वेळी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन हेच सांगितलं होतं. माझ्याकडूनही आलंय, हे आईसमोर कबूल करायची लाज वाटली, म्हणून मी ते गिळलं. आज तिथंच बायकोला सांगून टाकलं. पक्षीवाला पिल्लू पिंजऱ्यात ठेवून दाणे पाखडत बसला.

बायकोनं पिंजऱ्याचं दार लावलं. मग म्हणाली, "घरी चला. आता हेच आईंसमोर म्हणा."

मी पिंजरा उचलला. घरी जायची इतकी घाई मला कित्येक वर्षांत झाली नव्हती.