उम्म फहदच्या घराचे चार हजार नकाशे

आखातातल्या आमच्या दस्मानच्या ऑफिसात जोशी आल्यापासून फाइली कमी आणि किस्से जास्त झालेत! हा पुण्याचा आर्किटेक्ट. एका मापाचे ठोकळे ठरवतो, कॉम्प्युटरला नियम सांगतो आणि कॉम्प्युटर ते ठोकळे जोडून हजारो घरं सुचवतो.

काम होतं उम्म फहदचं. म्हणजे फहदची आई; इकडे आईला थोरल्याच्या नावानेच ओळखतात. फहद आणि धाकटा नासर यांच्यात बोलणं बंद. दोघांनी एका प्लॉटवर राहावं, एवढीच आईची इच्छा. डिझाइन पटलं नाही तर प्लॉट विकून दोघं दोन दिशांना!

*

जोशीचा पहिला नियम: घरात जास्तीत जास्त ऊन. पुण्यात शिकलेला ना! कॉम्प्युटरने इमानदारीत सगळ्या मोठ्या खिडक्या पश्चिमेला काढल्या.

फहद म्हणाला, “इंजिनियर, ऑगस्टमध्ये आम्हाला भाजणार आहेस का?”

*

मग नियम आला: कमीत कमी चालणं. पाहुण्यांच्या बैठकीला, म्हणजे दिवानियाला, बाहेरून वेगळा दरवाजा लागतो, हे सांगायचं राहूनच गेलं. कॉम्प्युटरने पाहुण्यांना थेट स्वयंपाकघरातून आत आणलं!

नासर म्हणाला, “छान! मिठाचा अंदाज घेऊनच बसतील.”

*

महबूला भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये जोशीने फ्रिजमधले डबेही प्रोग्रॅमने रचले. बोटभर जागा वाया नाही! फक्त तळातलं दही काढायला अकरा डबे बाहेर.

त्याची बायको, आमच्या मेधावहिनी, म्हणाल्या, “अहो, वाटीभर दह्यासाठी अख्खी कॉलनी पाडायची का?”

आम्ही हसलो खरे, पण मला त्याची कीव येत होती. चार हजार नकाशे झाले आणि एकही पसंत नाही. बिचारा धड जेवतही नव्हता.

*

शेवटच्या मीटिंगला उम्म फहद स्वतः आल्या. टेबलावर लाकडी ठोकळ्यांचं मॉडेल होतं. दोन्ही भावांनी वेगवेगळ्या ईमेलने एकच अट घातली होती: त्याचा दरवाजा मला दिसता कामा नये. म्हणून घरं पाठीला पाठ लावून आणि आईची खोली मागच्या शांत कोपऱ्यात.

बाईंनी बराच वेळ पाहिलं. मग दोन्ही घरं फिरवली, आपल्या खोलीचा ठोकळा उचलला आणि मधोमध ठेवला. आता दोन्ही दरवाजे त्यांच्याच खोलीत उघडत होते.

जोशीने ते लॅपटॉपवर भरलं. स्क्रीन लालेलाल!

“मॅडम, यात नियम मोडतोय,” तो चाचरत म्हणाला. फहदने आईला अरबीत सांगितलं.

“कोणाचा नियम?” बाईंनी विचारलं.

याचं भाषांतर फहदने केलंच नाही. एवढं अरबी आम्हालाही कळतं.

मग नासर थेट भावाकडे वळला.

“गाड्या कुठे लावायच्या?”