चूलबंद आवतन

द्वारकाबाईंचं नाव काढलं की आमची सून सावनी कपाळाला हात लावायची. तिची काही चूक नव्हती. उठता-बसता मी तिला एकच ऐकवायचे, "पडेगावच्या द्वारकाबाईंचं घर बघ. सात माणसं, एक चूल, कुणाचा आवाज म्हणून चढत नाही." एक दिवस ती शांतपणे म्हणाली, "आई, आम्ही वेगळं राहू का?" मी जन्माची फटकळ. म्हटलं, "राहा की, अडवलंय कुणी?" मनात होतं, आता हिमांशू म्हणेल, छे गं आई, असं काय बोलतेस. त्यानं घर शोधायला घेतलं. महिन्याभरात दोघं बीड बायपासला राहायला गेली. उस्मानपुऱ्यातल्या तीन खोल्यांत मी आणि हे उरलो. अनंतरावांना ऐकू कमी येतं, त्यामुळे भांडायचीही सोय राहिली नाही.

या द्वारकाबाई मला औरंगपुऱ्याच्या मंडईत भेटल्या, त्याला पाच वर्षं झाली. ठसठशीत कुंकू, हातात दोन पिशव्या, आणि भाजीवाल्याशी अशी हुज्जत की आजूबाजूच्यांनी थांबून ऐकावं. "दोन किलो वांगी दे. अन् किडकं घालू नको बाबा, सात तोंडं हायत घरात." पिशव्या भरल्या की आम्ही रसवंतीच्या बाकड्यावर बसायचो आणि त्या घरची खबर सांगायच्या. मालकांचे, म्हणजे तात्यासाहेबांचे गुडघे दुखतात. थोरल्या विश्वजीतची बायको पोळ्या लई पातळ करती. धाकट्या सत्यमला मुलगी बघायची हाय. राजनंदिनी आन् संस्कृती या नाती आजीशिवाय जेवत नाहीत. मी ऐकायचे आणि घरी येऊन सावनीच्या डोक्यावर ओतायचे.

परवा ह्यांची पंच्याहत्तरी झाली. मी द्वारकाबाईंना म्हटलं, "तुमच्यात म्हणतात ना, चूलबंद आवतन? तसं आहे हे. घरात चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी यायचं." त्यांनी पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाल्या, "येतो की." मला तर स्फुरणच चढलं. म्हटलं, हिमांशू-सावनी येणारच आहेत, बघू देत एकदा डोळ्यांनी भरलं घर!

आल्या त्या एकट्याच. हातात मोठा डबा. सत्यमला कामावर पाळी लागली, नातींची परीक्षा, मालकांना जिना चढवत नाही. "समद्यांचं भरून द्या ताई, घरी वाट बघत्यात." मी सहा जणांच्या पुरणपोळ्या भरून दिल्या. सावनी जाताना म्हणाली, "आई, चार दिवस या ना दोघं आमच्याकडे." मी म्हटलं, "नको गं, कशाला तुम्हाला त्रास." ती "बरं" म्हणाली आणि चपला घालून गेली.

रात्री ओटा आवरताना बघते तर द्वारकाबाईंना द्यायची कटाची आमटी तशीच राहिलेली. सकाळी ती किटलीत घेऊन मी रिक्षाने पडेगाव गाठलं. खरं सांगायचं तर आमटी हे निमित्त. मला ते घर बघायचं होतं.

घर चांगलं दुमजली. दार उघडं होतं. बाहेर चपलांचा एकच जोड. आत द्वारकाबाई भिंतीला टेकून दुधात पोळी कुस्करत होत्या. शेजारी कालचा डबा, वरपर्यंत भरलेला. मला बघून त्यांचा हात ताटलीतच राहिला.

"कुठंयत सगळे?" मी विचारलं.

"पुण्याला. तीन वरसं झाली."

विश्वजीतला तिकडं नोकरी लागली, पाठोपाठ सत्यमला. मालक गुडघ्याच्या ऑपरेशनला गेले ते तिथंच रमले. लिफ्ट हाय म्हणं.

"आणि तुम्ही?"

"निघताना विश्वजीत म्हणला, आई, तूबी चल. म्या म्हणलं, नगं, घर कोण बघंल?" त्यांनी पदराने तोंड पुसलं. "आपल्यात काय, पयल्यांदा नगंच म्हणत्यात. जेवायला वाढतानाबी दोनदा इचारत्यात, ताई. मला वाटलं, अजून एकदा म्हणंल. म्या पिशवी भरून ठिवली व्हती, पलंगाखाली. पर त्यानं गाडी चालू केली."

मला संतापच आला. "अहो, मग दोन किलो वांगी कुणासाठी? पाच वर्षं मी तुमच्या घराचे गोडवे गात बसले! माझी सून गेली त्यापायी!"

"पयली दोन वरसं खरंच व्हतं समदं," त्या हळू म्हणाल्या. "मग वांगी शेजारच्या शेळ्यांला घालाय लागले. पाव किलो मागायची लाज वाटती. मंडईतलं कोणबी इचारंल, एकटीच हाय का म्हणून. तुमीच पयले इचारलं असतं."

खरं होतं. मीच विचारलं असतं. मी किटली खाली ठेवली. माझंही 'अडवलंय कुणी' आणि त्यांचं 'नगं' एकाच मापाचं. आणि काल सावनीला म्हटलेलं 'नको'? तेही तसलंच. तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही म्हणून मी रात्रभर तिच्यावर चरफडत होते.

"उठा," मी म्हटलं, "आज आमच्याकडे जेवायला चला."

"नगं ताई. तुमाला कशाला तरास."

"चला."

"नगं, घर उघडं..."

"द्वारकाबाई, मी तिसऱ्यांदा सांगते. चला. रिक्षा बाहेर उभी आहे आणि मी पोळ्यांचा डबा उचललाय."

त्यांनी ताटली बाजूला सारली. मग भिंतीला हात देऊन उठल्या, केसांवरून पाण्याचा हात फिरवला, कुंकू नीट केलं.

"चूलबंद हाय का?" त्यांनी विचारलं.

"हो. चूलबंद."

त्यांनी आत जाऊन गॅसची टाकी बंद केली. दोन्ही मजल्यांचे दिवे बघून आल्या, बाहेरून कुलूप घातलं, ओढून पाहिलं, आणि किल्ली कमरेला खोचली.

"चला मग," म्हणाल्या, "समदं घर निघालं."