डिझेलची घ्यावी की गॅसची

मुलगा गेला त्यानंतरच्या वर्षात मी सगळ्यात जास्त विचार केला असेल तर इंजिनाचा. लोकांना वाटलं माझं डोकं फिरलं. तोंडावर कुणी बोललं नाही, पण धारूरच्या बाजारात माझ्या मागं बोलणं होत होतं ते मला कळत होतं. पोरगा गेला अन् बाप गाडी घ्यायला निघाला.

मुलगा गेवराईला ट्रॅक्टरच्या दुकानात नोकरीला होता. तिथंच खोली करून राहायचा आणि आठवड्याला मोटारसायकलवर घरी यायचा. असाच येताना हायवेवर त्याला ट्रकनं उडवलं. मी सरळ दवाखान्यात पोचलो होतो. जिथं झालं ती जागा मी पाहिलीच नाही. पंचनाम्याला मेव्हणा गेला, सही त्यानं केली.

मला रडू आलं नाही. मांडी घालून खूप वेळ बसल्यावर पाय मेल्यासारखा होतो, चिमटा काढला तरी कळत नाही, तसं माझं सगळं अंग झालं होतं. लोक भेटायला यायचे, मी त्यांना पाणी द्यायचो, त्यांचं ऐकायचो, दारापर्यंत सोडायला जायचो. गिरणीही चालू ठेवली होती. ज्वारीचं पीठ हाताला गरम लागायचं तेवढं कळायचं.

बायकोचं वेगळं होतं. तिची झोप गेली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यानं ती दिवसभर गुंगीत असायची, पण झोप म्हणावी अशी नाही. घरात पाहुणे, पाहुण्यांच्या घरी गेलं तर तिथले शेजारी. जिथं जावं तिथं तेच विचारणं, कसं झालं, कधी झालं, हेल्मेट नव्हतं का.

एकदा मेव्हण्यानं आम्हाला जीपमध्ये घालून सिरसाळ्याला, तिच्या माहेरी नेलं. गाडी घाटात शिरली आणि मी मागं वळून पाहिलं तर ती झोपलेली. तोंड उघडं, मान एका बाजूला कलंडलेली. सिरसाळा आलं तरी उठली नाही. मी मेव्हण्याला म्हणालो, थांबू नको, पुढं घे. आम्ही परळीच्या रस्त्याला उगीच लांबवर जाऊन आलो. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की अशी एखादी गाडी पाहिजे. आत झोपायला पलंग, दोन भांडी, शेगडी. कुणाच्या घरी उतरायला नको, कुणाला काही सांगायला नको.

बाजाराच्या मागं एका मिस्त्रींचं गॅरेज आहे. गिरणीचं जुनं डिझेल इंजिन होतं तेव्हापासून आमची ओळख. माझ्यापेक्षा वयानं थोडे मोठे, शांत माणूस. त्यांच्याकडं तेव्हा दोन जुन्या व्हॅन उभ्या होत्या. एक डिझेलची, लांब, कापसाच्या जिनिंगवर मजूर ने-आण करणारी. दुसरी गॅसवाली, आखूड, शाळेची पोरं नेणारी. सीटा काढून आत पलंग आणि ओटा करून द्यायला ते तयार होते. आरटीओचे कागदही बघतो म्हणाले. फक्त कोणती ते मी ठरवायचं होतं.

"डिझेल घ्या," मिस्त्री म्हणाले. "वजन घेऊन घाट चढायचाय. गॅसची गाडी धापा टाकती."

मीही तेच म्हणत होतो. दुसऱ्यांदा गेलो तर तेच मिस्त्री म्हणाले, "पर आता या डिझेल गाड्यांना धूर गाळायचं फिल्टर असतंय. जवळजवळच हिंडवली तर चोंदतं. मंग गाडी जोर धरत न्हाई."

"मग गॅसची घेऊ का?"

"घ्या की. आवाज कमी, खर्च कमी. पर टाकी कुटं ठेवनार? पलंगाची निम्मी जागा तीच खानार."

असा मी कितीतरी वेळा गेलो. मोबाईलवर इंजिनांचे व्हिडिओ बघायचो. गिरणीत दळण घेऊन आलेल्या माणसालाही विचारायचो, तुझ्या टेम्पोला डिझेल किती लागतं, गॅसची रांग किती असते. माणूस उत्तर द्यायचा आणि माझ्याकडं जरा विचित्र बघायचा. मला ते आकडे बरे वाटायचे असंही नाही. पण ते कानात असेपर्यंत दुसरं काही आत येत नव्हतं.

मिस्त्री शेवटी म्हणाले, "वहिनीला घेऊन या. दोनी गाड्या चालवून बघा, मंग ठरवा."

दुपारी आम्ही गेलो. आधी डिझेलची. मागं सतरंजी टाकली, बायकोला आडवं केलं. इंजिनाची धडधड पत्र्यातून अंगात यायची. गावच्या किल्ल्याच्या बाजूनं खाली उतरलो तोवर ती झोपली होती. मग गॅसची काढली. त्या गाडीत ती आडवी झालीच नाही. पुढं माझ्या शेजारी येऊन बसली आणि जागी राहिली, बाहेर बघत.

माझं ठरलं. डिझेल. झोपेसाठीच तर गाडी घ्यायची होती. घरी आल्यावर मी तिला तसं सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"त्या दुसऱ्या गाडीला गॅस कुटं भरायचा?" तिनं विचारलं.

डिझेलचं आणखी एक कारण होतं, ते मी मिस्त्रींनाही सांगितलं नव्हतं. जवळच्या पंपावर गॅस कधी असतो, कधी नसतो. भरवशाचा पंप एकच, गेवराईच्या अलीकडं, हायवेवर. मुलगा त्याच रस्त्यानं यायचा. आम्ही त्या रस्त्याला वर्षभर गेलो नव्हतो. बीडला काम निघालं तरी मी पुढं जात नव्हतो. डिझेल तर आमच्या गावातच मिळतं.

"हायवेला," मी म्हणालो. "तिकडं."

तिनं हातातली जुडी खाली ठेवली.

"मंग गॅसचीच घ्या."

"कावून? त्यात तुला झोप न्हाई आली."

"डिझेलची घेतली तर तुमी मला तिकडं कदीच नेनार न्हाई. अन् मी पन म्हननार न्हाई. गॅससाटी तरी जावं लागंल."

मी म्हणालो, टाकीमुळं पलंग छोटा होईल, दोघांना नीट झोपता येणार नाही.

"एक झोपंल, एक बसंल," ती म्हणाली आणि पुन्हा भाजी निवडायला लागली.

मिस्त्रींनी गाडी करून दिली. मागं आडवी टाकी, तिच्या कडेनं लाकडी पलंग, एका माणसापुरता. दाराशी ओटा, त्यावर छोटी शेगडी. त्यांना माझा निर्णय पटला नव्हता. "वहिनीला झोप तर डिझेलमदी आलती," ते म्हणाले. मी म्हणालो, तिनंच सांगितलंय.

पहिल्यांदा गॅस भरायला निघालो तेव्हा ऊन होतं. बीड मागं पडलं. हायवेच्या मधल्या पट्टीत कण्हेर फुललेली होती. ट्रक अंगावर आल्यासारखे जवळून जायचे. मी दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरलं होतं. मला वाटत होतं की काहीतरी होईल मला, गाडी बाजूला घ्यावी लागेल. काही झालं नाही. एका पुलाच्या पुढं ती म्हणाली, "हळू घ्या."

"काय झालं?"

"भावानं सांगितलं व्हतं. पुलाच्या म्होरं, डाव्या अंगाला, लिंबाच्या आधी."

मी गाडी कडेला घेतली. ती उतरली, मीही उतरलो. तिथं काहीच नव्हतं. उसाची वाळलेली वाढं, फुटका टायर, पाण्याच्या बाटल्या. ती खाली वाकली, रस्त्याच्या कडेच्या मुरमावर तळहात टेकवला, जसा तापलेल्या पोराच्या कपाळावर टेकवतात तसा. मी तिच्या मागं उभा होतो. ट्रक गेला की तिचा पदर उडायचा आणि मी तो धरायचो. एवढंच मी केलं.

"चला," ती उठून म्हणाली. "रांग आसंल तिथं."

रांग होतीच. गॅस भरताना गाडीतल्या सगळ्यांना खाली उतरावं लागतं, म्हणून आम्ही दोघं बाजूला सावलीत उभे राहिलो. पंपावरच्या माणसानं आतला पलंग, शेगडी बघितली आणि हसून विचारलं, "काय काकू, फिरायला निघाले का?"

"न्हाई," ती म्हणाली. "आमचा पोरगा इकडं नोकरीला व्हता. हितं मागं पुलापशी गेला तो. ती जागा बघाया आलतो."

त्याचं हसू गेलं. नळी काढताना त्यानं मान खाली घातली. वर्षभर विचारणाऱ्यांना ती उत्तर देत नव्हती. आज ते कुणी न विचारता अनोळखी माणसाला तिनं सरळ सांगितलं. मी ते ऐकलं. नीट, शब्द न् शब्द ऐकलं. आणि एकदम माझे डोळे मिटायला लागले, रडण्यानं नव्हे, झोपेनं. पाय उचलवेना.

"तुमी मागं पडा," ती म्हणाली. "मी बसते."

एका ढाब्याच्या कडेला लिंबाखाली गाडी लावली. मी त्या अरुंद पलंगावर आडवा झालो. टाकीचा थंड पत्रा पाठीला लागत होता. ती पुढच्या सीटवर बसली होती, दार उघडं ठेवून. उठलो तेव्हा उन्हं कलली होती आणि शेगडीवर खिचडी शिजत होती. वर्षभरात मीही नीट झोपलो नव्हतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मलाही कळलं नव्हतं.

डिझेलची गाडी नंतर कुणीतरी माजलगावकडचा माणूस घेऊन गेला. आम्ही फार लांब असे कुठंच गेलेलो नाही. गॅस संपत आला की हायवेला जातो. पुलापुढं कधी थांबतो, कधी नाही. घरी तिला आता पहाटेच्या सुमाराला थोडी झोप लागते, गोळी न घेता.

येताना घाटात आमची गाडी खरंच धापा टाकते, मिस्त्री म्हणाले होते तशी. दुसऱ्या गिअरवर मी तिला रेटत राहतो. मला अजूनही फार काही वाटत नाही, वाटेल का ते ठाऊक नाही. बायको शेजारी जागी असते आणि डोंगरावर यंदा सीताफळं कुठं धरली, कुठं नाही, ते मला सांगत असते.